जमनालालजींवर भाषण लिहिताय? या चुका टाळा

११ फेब्रुवारीची पुण्यतिथी जवळ आली की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत जमनालाल बजाज या गांधीजींच्या व्यापारी सहकाऱ्यावर भाषणं बसवली जातात. मी बरीच वर्षं पोरांच्या वह्या तपासतोय. त्याच त्या चुका पुन्हा येतात आणि माणूस हरवतो, याचं वाईट वाटतं.

सर्वांत मोठा घोळ दत्तकाचा. ‘गांधीजींनी जमनालालजींना दत्तक घेतलं’ असं सर्रास लिहितात. जमनालालजींचा जन्म १८८९ चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या गावातला. पाचेक वर्षांचे असताना वर्ध्याच्या सेठ बच्छराज यांच्या घरी ते दत्तक आले, तेही नातू म्हणून. बच्छराज त्यांचे आजोबा झाले. गांधीजींचं नातं फार नंतरचं, आणि ते जमनालालजींनी स्वतः मागून घेतलेलं. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी ‘मला तुमचा पाचवा मुलगा माना’ अशी त्यांनी विनंती केली. पुढे बापूंच्या पत्रांवर ‘चि. जमनालाल’ येऊ लागलं.

‘गांधीजी भेटल्यावर पैशाचा मोह सुटला’ हेही वाक्य खोडा. सतरा-अठरा वर्षांचं वय, लग्नाला जायचं होतं. आजोबा म्हणाले दागिने घाल, पोरगा नाही म्हणाला. आजोबा संतापले, पैशावरून नको ते बोलले. पोरानं इस्टेटीवरचा हक्क लेखी सोडला आणि घराबाहेर पडला. समजूत घालून परत आणावं लागलं. ही गोष्ट १९०७ ची. गांधीजी तेव्हा आफ्रिकेत होते. भाषणाची सुरुवात इथूनच करा, असं मी पोरांना सांगतो.

त्यांना नुसते ‘दानशूर शेठ’ करू नका. सरकारनं दिलेली रायबहादूर पदवी त्यांनी परत केली, काँग्रेसचा खजिना सांभाळला, १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात पुढे होऊन तुरुंगात गेले. १९२८ मध्ये वर्ध्याचं घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडलं. नाशिकचा काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह १९३० चा, हे शेजारी लिहिलं की त्या पावलाचं वजन कळतं.

सेवाग्रामचं साल नेहमी चुकतं. बापू १९३४ मध्ये वर्ध्याला आले, पुढे वर्ध्यातल्याच मगनवाडीत राहिले. जवळच्या शेगावला राहायला गेले १९३६ मध्ये. त्या गावातली बरीच जमीन जमनालालजींचीच. आणि हे शेगाव गजानन महाराजांचं नव्हे! टपालाचा हाच गोंधळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम नाव पडलं.

वर्ध्याला वऱ्हाडात घालू नका. वऱ्हाड वर्धा नदीच्या पलीकडे. अलीकडे तेव्हाचा मध्य प्रांत, मालगुजारीचा, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांचा मुलूख.

वही देण्याआधी प्रत्येक सनापुढे त्यांचं वय मांडा. मागच्या खेपेला एका पोरीनं ‘त्यांनी बजाज स्कूटर काढली’ असं लिहिलं होतं. वय मांडता मांडता ती १९४२ पाशी थांबली, तिथं बावन्न आलं. पुढे वय नव्हतं. तिनं स्कूटरची ओळ स्वतःच खोडली.