आजार बरा होणार नाहीये आणि तरी काहीतरी करायचंय, लिहायचंय, रंगवायचंय, गायचंय, तर सुरुवात कशी करायची

माझा आजार बरा होणारा नाही हे कळून दीड वर्ष झालं. त्याआधी दहा वर्षं मी कादंबरी लिहायची म्हणत होते, आणि निदान झाल्यावर पहिल्याच महिन्यात तीच काढून बसले, चाळीस प्रकरणांचा आराखडा वगैरे, आणि तिसऱ्या प्रकरणात अशी काही थकले की पुढे आठवडाभर वहीकडे बघवेना. खूप रडले तेव्हा. त्यानंतर जे जमत गेलं ते इथे लिहितेय.

आधी कामाचा आकार बदला. काम असं निवडा की ते कुठेही थांबलं तरी तिथवरचं पुरं वाटेल. कादंबरीऐवजी पत्रं, मोठ्या कॅनव्हासऐवजी पोस्टकार्डाएवढी चित्रं, अख्ख्या अल्बमऐवजी एकेक गाणं. मी कादंबरीतली माणसं उचलली आणि एकेकावर दोन पानांची गोष्ट लिहायला घेतली, अकरा झाल्यात, बारावी नाही झाली तरी अकरा आहेतच ना. आता ज्याचा जीव मोठ्याच कामात अडकलाय त्याने खुशाल मोठं काम घ्यावं, फक्त क्रम उलटा ठेवायचा, जे तुमच्याशिवाय कुणालाच लिहिता येणार नाही ते आधी, प्रस्तावना नि बाकीची सजावट मागून, ती दुसरं कुणीही करू शकतं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना घशाचा कॅन्सर होता, पैसे बुडालेले, बायकोच्या हाती काहीतरी राहावं म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या, शेवटी शेवटी आवाज गेला तर चिठ्ठ्या लिहून बोलायचे, पण पुस्तक पुरं केलं आणि काही दिवसांतच, 23 जुलै 1885 ला गेले.

मग वेळापत्रक. घड्याळावर जाऊ नका, ताकदीवर जा. दोन आठवडे नुसतं लिहून ठेवा की दिवसात कधी डोकं चालतं आणि कधी अंग साथ देतं, बऱ्याचदा या दोन वेळा वेगळ्या निघतात. किमो चालू असेल तर तिचं चक्र ओळखा. किमोबरोबर बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्या एक-दोन रात्री झोप लागत नाही, डोकं नुसतं पळत असतं, आणि स्टेरॉइड थांबलं की माणूस धाडकन खाली येतो. मी त्या जागरणाच्या रात्री फक्त कच्चं लिहिते, कसंही, आणि त्याची दुरुस्ती पुढच्या डोसच्या आधीच्या दिवसांत करते, तेव्हा माझं डोकं सगळ्यात स्वच्छ असतं. बऱ्याच औषधांत पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास खाली जातात, तेव्हा संसर्ग पटकन होतो, म्हणून गर्दीतली रिहर्सल किंवा प्रदर्शन नको, तुमच्या औषधाचं नेमकं कसं ते डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. आणि एक अगदी घरगुती गोष्ट, ज्या दिवशी लिहायचंय त्या दिवशी केस धुवायचे नाहीत. हसू नका, केस धुणं, वाळवणं, विंचरणं यात माझी दोन पानं जातात.

डॉक्टरांना कामाबद्दल सांगा, हे फार कमी लोक करतात. "बरं वाटतंय का" याला "ठीक आहे" म्हणून उठून येण्यापेक्षा "मला सकाळी दोन तास डोकं जागेवर हवंय" असं सरळ सांगा, मग गोळ्यांच्या वेळा, डोस, उलटीचं औषध या सगळ्याचा विचार त्या अंगाने होतो. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी टीम यासाठीच असते, ती फक्त शेवटच्या आठवड्यासाठी असते हा गैरसमज काढून टाका आणि लवकर भेटा. मॉर्फिन सुरू केल्यावर जी गुंगी येते ती पुष्कळांची काही दिवसांत उतरते, म्हणून लिहिता यावं म्हणून दुखणं सोसत बसू नका आणि मनाने डोसही कमी करू नका. मी सोसून पाहिलंय, दुखण्यात काही सुचत नाही.

हात बधिर झाले असतील, किमोने बोटांच्या नसांना तसं होतं, तर पेनाला, ब्रशला फोम गुंडाळून जाड करा. लिहवत नसेल तर फोनवर बोलून टाइप करा, मराठीत चांगलं चालतं, विरामचिन्हं गडबडतात पण ती नंतर बघता येतात, फक्त मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. ज्यांच्या आजारात आवाजच जाणार आहे, एएलएससारख्या, ज्यात स्नायू हळूहळू निकामी होतात, त्यांनी आवाज नीट आहे तोवरच व्हॉइस बँकिंग करून घ्यावं, म्हणजे आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा, मग मशीन त्याच आवाजात बोलतं, त्याला उशीर चालत नाही. फ्रेंच चित्रकार मातीस यांचं 1941 मध्ये कॅन्सरसाठी पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, ईझलसमोर उभं राहणं संपलं, तर ते पलंगावरून आणि व्हीलचेअरवरून रंगवलेले कागद कात्रीने कापायला लागले, रंग लावायला आणि तुकडे भिंतीवर टाचायला मदतनीस होते, आणि 1954 पर्यंत त्यांनी तेच काम वाढवत नेलं. तेव्हा मदत घेतली म्हणून काम तुमचं राहत नाही असं मनात आणू नका.

घरी ऑक्सिजन चालू असेल तर जवळ मेणबत्ती, हीट गन, टर्पेंटाइन, स्प्रे, तेलकट रंग यातलं काहीही नको, आग लागते. पेशी कमी असताना ओली माती आणि बुरशीचे जुने कागदही लांब ठेवा.

एक माणूस फक्त कामासाठी नेमा. शक्यतो जो औषधपाणी करतो तो नको, त्याच्या डोक्यावर आधीच खूप असतं. माझा धाकटा भाऊ रोज रात्री फोन करून तब्येत विचारत नाही, "ताई, आज किती झालं?" एवढंच विचारतो, आणि "काही नाही" म्हटलं तर "बरं, उद्या" म्हणतो. त्या फोनची मी दिवसभर वाट बघते. आणि आजारावरच लिहायला पाहिजे असं काही नाही, लोक तीच अपेक्षा धरतात, पण माझ्या अकरा गोष्टींत एकही आजारी माणूस नाही.

अपुऱ्या कामाचं काय करायचं ते आत्ताच लिहून ठेवा, काय छापायचं, काय कुणाला दाखवायचं नाही, आणि कॉपीराइट कुणाकडे ते मृत्युपत्रात घाला. लेखक काफ्काने मित्राला आपलं सगळं लिखाण जाळायला सांगितलं होतं, 1924 मध्ये काफ्का गेला आणि मित्राने न जाळता ते छापलं, तेव्हा जो खरंच तुमचं ऐकेल असाच माणूस निवडा. फाइल्स गूगलमध्ये असतील तर इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये, अ‍ॅपलवर असतील तर लेगसी कॉन्टॅक्टमध्ये त्याचं नाव टाका, म्हणजे तुमच्यामागे त्याला त्या फाइल्स मिळतील, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

आणि रोज वही मिटताना शेवटी एका ओळीत लिहा की पुढे काय होणार आहे. दुसऱ्या दिवशी डोकं धुकट असलं तर त्यावरून सुरू करता येतं, आणि तुम्हाला नाहीच जमलं तर दुसऱ्या कुणाला कळतं. माझी आजची ओळ अशी आहे: म्हातारी चुकीच्या स्टेशनवर उतरली आहे, न्यायला कुणी येणार नाही, शेवटचा परिच्छेद पिवळ्या वहीत लिहून ठेवलाय.