एनएफएस सर्व्हरच्या कर्नल कोडमध्ये आरपीसी संदेश कसे वाचावेत आणि लिहावेत

लिनक्स कर्नलमधील एनएफएस (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावरील फाइली वापरू देणारी पद्धत) सर्व्हरला नेटवर्कवरून जे बाइट मिळतात, त्यांत नोंदवलेल्या कोणत्याही लांबीवर पडताळणीआधी विश्वास ठेवू नये आणि संदेश मेमरीत सलग असेल असेही गृहीत धरू नये. येथे झालेली चूक एका प्रोग्रॅमपुरती राहत नाही. दूरच्या क्लायंटला कर्नलच्या मेमरीपर्यंत पोहोचण्याची वाट त्यातून मिळू शकते. उदाहरणासाठी एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीतील ‘लुकअप’ ही प्रोसिजर घेऊ. तिला डिरेक्टरीचे फाइल हँडल (सर्व्हरने दिलेली ओळखखूण) आणि शोधायचे नाव एवढेच लागते.

टीसीपीवर आरपीसी संदेशाच्या (दूरच्या संगणकावरील प्रोसिजर चालवण्याच्या विनंतीच्या किंवा तिच्या उत्तराच्या) प्रत्येक तुकड्याच्या आधी 4 बाइटांची खूण येते. तिचा सर्वांत वरचा बिट हा तुकडा शेवटचा आहे की नाही ते सांगतो आणि उरलेले 31 बिट लांबी देतात. ही खूण, त्यामागचा व्यवहार-क्रमांक, आरपीसीची आवृत्ती 2, एनएफएसचा प्रोग्रॅम-क्रमांक 100003 आणि क्लायंटची ओळखपत्रे हे सारे सनआरपीसीचा थर (कर्नलमधील आरपीसी हाताळणारा भाग) वाचून संपवतो. ओळखपत्रांची लांबी दर वेळी वेगळी असू शकते, म्हणून आर्ग्युमेंट कुठून सुरू होतात हे स्वतः मोजत बसू नये. जो स्ट्रीम हाती येतो, त्याच्या सध्याच्या जागेपासूनच वाचावे.

एक्सडीआर म्हणजे आरपीसीतील मूल्ये बाइटांत मांडण्याची पद्धत. लुकअपमध्ये प्रथम एक्सडीआर_स्ट्रीम_डीकोड_यू32 हे फंक्शन वापरून हँडलची लांबी घ्यावी. ती शून्य असेल किंवा 64 पेक्षा अधिक असेल, तर तेथेच ‘फॉल्स’ परत करावे. त्यानंतरच एक्सडीआर_इनलाइन_डीकोडकडे तेवढे बाइट मागावेत, उत्तर ‘नल’ नाही याची खात्री करावी आणि मगच कॉपी करावे. हा क्रम उलटला, तर क्लायंटने पाठवलेली लांबी आपल्या 64 बाइटांच्या जागेबाहेर लिहू शकते. एक्सडीआरमध्ये प्रत्येक घटक 4 बाइटांच्या पटीत बसतो आणि पटीसाठी भरलेले बाइट एक्सडीआर_इनलाइन_डीकोड आपोआप ओलांडते, त्यामुळे ते पुन्हा वेगळे ओलांडू नयेत. नावाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: त्याच्या शेवटी शून्य बाइट नसतो, म्हणून सी भाषेतील स्ट्रिंग फंक्शन्स त्यावर चालवू नयेत, आणि नावात शून्य बाइट किंवा तिरपी रेघ आढळल्यास विनंती नाकारावी. जेथे घटकांची यादी येते, तेथे संख्येला कमाल मर्यादा लावल्याशिवाय तिचा आकाराशी गुणाकार करू नये, कारण गुणाकार ओव्हरफ्लो झाल्यास मेमरी थोडी मिळते आणि लूप मात्र मूळ मोठ्या संख्येइतका फिरतो.

संदेश हेड, पेजेस आणि टेल अशा तीन भागांत विभागलेला असतो. एखादा घटक दोन पेजांच्या सीमेवर आला, तर त्याचे बाइट स्क्रॅच बफरमध्ये (तात्पुरत्या जागेत) एकत्र करून त्या बफरचा पॉइंटर दिला जातो. हा पॉइंटर स्क्रॅच बफर पुन्हा वापरला जाईपर्यंतच वैध असतो. छोट्या संदेशांवर घेतलेल्या चाचण्यांत सीमा क्वचितच येते आणि दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. म्हणून पुढेही लागणारे मूल्य त्याच वेळी कॉपी करून ठेवणे मला आवश्यक वाटते.

उत्तर लिहिताना एक्सडीआर_रिझर्व्ह_स्पेसने आधी जागा घ्यावी. येथेही सीमेचा तोच प्रश्न आहे: पुढची जागा मागितली की आधीच्या जागेतील बाइट सरकवले जाऊ शकतात आणि जुना पॉइंटर चुकीच्या ठिकाणी लिहू लागतो. एखादी लांबी मागाहून भरायची असेल, तर पॉइंटरऐवजी बफरमधील ऑफसेट जपून ठेवावा. उत्तराच्या कमाल आकाराचा अंदाज प्रोसिजरच्या तक्त्यात 4 बाइटांच्या शब्दांत द्यायचा असतो. लुकअपसाठी स्थिती 1, हँडल 17 आणि गुणधर्मांचे दोन संच प्रत्येकी 22, असे 62 शब्द होतात. प्रत्येक संचात तो आहे की नाही हे सांगणारा 1 शब्द धरलेला असतो.

त्रुटींचे दोन थर एकमेकांत मिसळू नयेत. आर्ग्युमेंट वाचताच आली नाहीत, तर आरपीसीची ‘गार्बेज आर्ग्ज’ ही स्थिती 4 जाते. नाव सापडले नाही, तर आरपीसीच्या दृष्टीने कॉल यशस्वीच असतो आणि एनएफएसची स्थिती 2 उत्तराच्या आत जाते. फाइल नाही एवढ्यासाठी डीकोडरमधून ‘फॉल्स’ परत केल्यास क्लायंटला खरे कारण कधीच कळत नाही.

उत्तर वाटेत हरवले की क्लायंट तीच विनंती त्याच व्यवहार-क्रमांकाने पुन्हा पाठवतो. लुकअप दोनदा चालला तरी बिघडत नाही. फाइल काढून टाकणारी ‘रिमूव्ह’ प्रोसिजर मात्र दुसऱ्यांदा चालल्यास यशस्वी कामाचे उत्तर ‘फाइल नाही’ असे जाते. अशा प्रोसिजरसाठी तक्त्यात उत्तर जपून ठेवणारा कॅशप्रकार निवडावा. केवळ क्रमांकावर विसंबू नये म्हणून हा कॅश विनंतीच्या पहिल्या 256 बाइटांपर्यंतचा चेकसमही ताडून पाहतो.

तपासणीसाठी आधी स्पार्स (कोड न चालवता तपासणारे साधन) चालवावे, कारण नेटवर्कवरील मोठ्या टोकाकडून (बिग-एंडियन, म्हणजे सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी) लिहिलेले अंक आणि प्रोसेसरचे अंक यांची सरमिसळ ते बाइट-क्रमाच्या प्रकारांवरून पकडते. मग केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी सोय) चालू ठेवलेल्या कर्नलवर मुद्दाम तोडलेले, लांबी फुगवलेले आणि पेजच्या सीमेवर येणारे संदेश पाठवावेत आणि आरपीसी_एक्सडीआर_ओव्हरफ्लो हा ट्रेसबिंदू चालू ठेवावा, म्हणजे किती बाइट मागितले असता ते अपुरे पडले ते तेथे नोंदले जाते.