एमजीबीच्या इंजिनाला ऑइल पंप कुठला टाकावा

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिन खोललंय, ब्लॉक धुतलाय, क्रँक ग्राइंड होऊन नवी बेअरिंगं आलीत, असं धरून चालतो. आता पंप. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गॅरेजवाल्यांत, चहा पिता पिता कुणीतरी सांगतोच, 'मोठा पंप टाका, प्रेशर वाढतंय!' ऐकू नका.

पंप तेल ढकलतो. बेअरिंगच्या फटीतून जाताना ते जेवढं अडतं तेवढं प्रेशर तयार होतं, आणि त्याची वरची हद्द रिलीफ व्हॉल्व्ह ठरवतो. बेअरिंगं ढिली असली तर मोठ्या पंपानं फक्त गेजचा काटा चढतो. ती घट्ट असली तर जादा तेल व्हॉल्व्हमधून परत संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, पडतं. त्यात इंजिनाची ताकद जाते, तेल तापतं आणि पंप फिरवणाऱ्या कॅमवरच्या गिअरला उगाच भार. रस्त्यावरच्या गाडीला मूळ मापाचा रोटर पंपच (बाहेरच्या रिंगेत रोटर फिरून तेल ढकलणारा) टाका.

मागवताना गाडीचं साल नव्हे, इंजिन नंबर द्या. १९६४ मध्येच तीन मेन बेअरिंगांचं (क्रँकला आधार देणाऱ्या) इंजिन जाऊन पाचांचं आलं, आणि इतक्या वर्षांत कुणाच्या गाडीत कुठलं इंजिन बसलंय याचा नेम नाही.

खरी मेख पुढे आहे. पंप नवाकोरा असला तरी खोला आणि मोजा. डब्यावर 'न्यू' छापलंय म्हणून आतलं माप बरोबर असतंच असं नाही. रोटर आणि बॉडी पेट्रोलनं धुऊन कोरडी करा, कारण तेलाचा थर राहिला की फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खोटं बोलतं. बॉडीवर सरळ पट्टी ठेवून रोटरची वरची फट बघा: ०.१२७ मिमी, म्हणजे पाच थाऊ (इंचाचे पाच हजारांश), यापेक्षा जास्त नको. बाहेरची रिंग आणि बॉडी यांत ०.२५ मिमीपर्यंत चालेल. रोटरच्या टोकांमध्ये ०.१५ मिमी. रोटर फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा. एका जागेचं माप मी मानत नाही.

टोकांची फट जास्त असेल तर रोटर बदला, दुसरा इलाज नाही. वरची फट मात्र सुधारता येते. कव्हरचे दोन डॉवेल (जागेवर बसवणाऱ्या पिना) आधी काढा आणि बॉडीचं तोंड जाड काचेवर वॉटर पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात घासा. सरफेस ग्राइंडरवर देऊ नका. तो गडी पृष्ठभाग पूर्ण चमकेपर्यंत थांबत नाही, आणि फट संपली की रोटर जाम. थोडं घासा, धुवा, मोजा. कंटाळा आला तर उद्या करा, पण अंदाजानं उरकू नका.

जोडताना बाहेरच्या रिंगेची चँफरची (तिरकी कड घासलेली) बाजू बॉडीच्या आत, ड्राइव्हकडे. पंपात व्हॅसलीन भरा. ग्रीस नको, ते तेलात विरघळत नाही. गाळणी साफ. रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग नवी. तेल २०डब्ल्यू-५०. स्पार्क प्लग काढून, प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर मारा, मगच इंजिन चालू करा.

गॅरेजात थंड इंजिनावर ७० पीएसआय दिसले म्हणून पेढे वाटू नका. पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळ चढून या, मग बघा: गरम इंजिन धावताना ५० ते ८० पीएसआय, आयडलला (गाडी उभी, इंजिन हळू चालू) १० ते २५. कमी दिसलं तर लगेच संप उतरवू नका. आधी दुसरं मेकॅनिकल गेज लावा, मग रिलीफ व्हॉल्व्ह काढून त्याच्या सीटवर कचरा अडकलाय का ते पाहा.