गर्भपिशवी आतून चिकटली आहे : आधी ऑपरेशन की आधी चान्स?

माझ्या मावसबहिणीचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. पिशवी साफ केली, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पुढची पाळी आली ती नुसती डागांपुरती. पूर्वी तिला चार दिवसांत बारा-तेरा पॅड लागायचे. आता दीड दिवस आणि दोन पॅड. सासूबाई म्हणाल्या, बरंय की, तेवढीच अंगात ताकद राहते. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, लोहाच्या गोळ्या घे. ती आठ महिने चान्स घेत राहिली. शेवटी दुसरीकडे दुर्बीण घालून पाहिलं, तर पिशवीची पुढची आणि मागची भिंत मधोमध एकमेकींना चिकटलेली.

याला अ‍ॅशरमन सिंड्रोम म्हणतात. १९४८ साली जोसेफ अ‍ॅशरमन यांनी अशा बायकांच्या केसेस सविस्तर मांडल्या, म्हणून त्यांचं नाव. पिशवीच्या अस्तराला दोन थर असतात. वरचा दर पाळीला गळून जातो. खालचा जागेवरच राहतो आणि त्यातून नवं अस्तर उगवतं. गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर पिशवी मऊ असते. तेव्हा खरवडताना हा खालचा थरही निघून आला, तर समोरासमोर टेकलेल्या दोन भिंतींवर उघडी जखम राहते आणि त्या एकमेकींना धरतात. आधी पातळ पापुद्रे, मग चिवट पट्टे. आपल्याकडे दुसरं मोठं कारण म्हणजे पिशवीचा टीबी. त्याबद्दल खाली.

रिपोर्टवर ‘चिकटपणा’ हा शब्द दिसला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, लगेच ऑपरेशन उरकून टाका. दुसरा म्हणतो, पिशवीला कशाला हात लावता, देवाची कृपा असेल तर राहतील दिवस. खरं तर त्या एका शब्दावरून काहीच ठरत नाही. पाळी कशी आहे, चिकटलंय किती नि कसं, आणि हातात वर्षं किती आहेत, यावरून ठरतं. म्हणून या क्रमाने चला.

१. आधी पाळीचा हिशेब लिहून काढा

डॉक्टरकडे ‘कमी जातं’ एवढंच सांगू नका. एका कागदावर दोन रकाने करा : साफ करण्याआधी आणि नंतर. किती दिवस, किती पॅड, गाठी पडायच्या का, आता पडतात का. पाळी बंद असेल तर दर महिन्याला ठरावीक दिवसांत ओटीपोटात कळ येते का, तेही लिहा. बीजकोश नीट काम करताहेत पण रक्ताला बाहेर यायला वाट नाही, असं त्यावरून कळू शकतं. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, पीसीओडी, एकदम घटलेलं वजन यांमुळेही पाळी कमी होते, म्हणून रक्ताच्या तपासण्या आधीच करून घ्या. आणि एक लक्षात ठेवा : पाळी अगदी नेहमीसारखी असूनही आत चिकटलेलं असू शकतं.

२. निदान दुर्बिणीने पक्कं करा

साध्या सोनोग्राफीत चिकटपणा पुष्कळदा दिसतच नाही; अस्तर पातळ आहे एवढंच लिहून येतं. पिशवीत सलाईन सोडून केलेली सोनोग्राफी किंवा थ्रीडी त्याहून बरी. नळ्यांच्या एक्सरेत, म्हणजे एचएसजीत, औषध जिथे शिरलं नाही तिथे रिकामी जागा दिसते, पण हवेचा बुडबुडाही तशीच जागा दाखवतो. शेवटचा शब्द हिस्टेरोस्कोपीचा, म्हणजे पिशवीत दुर्बीण घालून बघण्याचा, कारण तिथे डोळ्यांनी दिसतं. ती पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत करतात. पाळीच येत नसेल, तर आधी गरोदरपणाची तपासणी करून घ्या.

त्या दिवशी दोन गोष्टी मागून घ्या : व्हिडिओ किंवा फोटो, आणि लेखी वर्णन. किती भाग चिकटलाय (एक तृतीयांशापेक्षा कमी, दोन तृतीयांशांपर्यंत की त्याहून जास्त), पट्टे पातळ आहेत की जाड, नळ्यांची तोंडं दिसली का. ‘पिशवीत चिकटपणा, उपचार आवश्यक’ एवढ्या एका ओळीवर पुढचा कुठलाच निर्णय घेता येत नाही.

३. टीबीचा प्रश्न आधी निकालात काढा

साफ करण्याचा काहीच इतिहास नसताना पिशवी चिकटलेली निघाली, नळ्याही बंद असल्या, किंवा घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात : सूक्ष्मदर्शकाखाली, कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी). टीबी निघाला तर क्रम बदलतो. आधी साधारण सहा महिने औषधं, ती सरकारी केंद्रात मोफत मिळतात; दुर्बिणीचं ऑपरेशन त्यानंतर. पण नुसता पीसीआर (हीही जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला आणि बाकी काहीच सापडलं नाही, तर गोळ्या सुरू करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. ती तपासणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. टीबीने पिशवी फार आक्रसली असेल, तर ऑपरेशनचा उपयोग मर्यादित असतो, आणि ते तोंडावर सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याच्यावर रागावू नका.

४. आता ठरवा

‘उपचार न करताही दिवस राहतात’ हे खोटं नाही. १९८२ च्या एका आढाव्यात उपचार न घेतलेल्या २९२ बायकांपैकी १३३ जणींना दिवस राहिले होते. पण पुढचं वाचायचं : त्या गरोदरपणांतली जेमतेम ३० टक्के पूर्ण दिवसांची झाली, ४० टक्क्यांच्या आसपास गर्भपात झाले, आणि वार (प्लासेंटा) पिशवीला घट्ट चिकटून बसण्याचं प्रमाणही मोठं होतं. म्हणजे दिवस राहण्यापेक्षा ते टिकण्याची अडचण जास्त. आकडे जुने आहेत, तेव्हा सोनोग्राफीही आजच्यासारखी नव्हती, पण दिशा कळते.

माझं मत असं. पाळी बंद किंवा डागांपुरती असेल, तर आधी उपचार. आंधळेपणाने सहा-आठ महिने चान्स घेण्यात वय जातं आणि हाती गर्भपात येऊ शकतो. दोन-तीन गर्भपात झाले असतील, तरीही आधी उपचार. आयव्हीएफ करणार असाल, तर भ्रूण पिशवीत सोडण्याआधी पिशवी मोकळी हवीच. वय पस्तिशीपुढे असेल तर बीजं काढून भ्रूण गोठवून ठेवायचे आणि मग निवांत पिशवीकडे वळायचं, हाही क्रम विचारा.

याउलट, पाळी पूर्ववत आहे, वय तिशीच्या आत आहे, गर्भपात झालेला नाही आणि कडेला एखादा पातळ पापुद्रा सहज दिसला, तर काही महिने प्रयत्न करून पाहायला हरकत नाही. हिस्टेरोस्कोपी चालू असतानाच तो पापुद्रा दुर्बिणीच्या टोकाने सुटला, तर वाद तिथेच मिटतो. म्हणूनच तपासणीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा : आत काही सापडलं तर त्याच वेळी सोडवणार का, आणि जाड पट्टे निघाले तर थांबणार का? मी असते तर पातळासाठी हो आणि जाडासाठी नाही म्हटलं असतं.

जाड पट्ट्यांसाठी पहिलं ऑपरेशन सर्वांत महत्त्वाचं. पिशवीला भोक पडण्याचा धोका असतो, आणि उरलंसुरलं निरोगी अस्तर दुखावलं तर ते परत आणता येत नाही. जवळ आहे म्हणून नव्हे, हेच काम नेहमी करतो म्हणून सर्जन निवडा. त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी.

५. टेबलावर जाण्याआधी चार प्रश्न

पट्टे कशाने कापणार? थंड, म्हणजे विजेवर न चालणाऱ्या, कात्रीने कापलं तर आजूबाजूचं अस्तर भाजत नाही. कापताना पोटावरून सोनोग्राफी चालू ठेवणार का? भिंती पुन्हा चिकटू नयेत म्हणून आत काय ठेवणार : फुगा, जेल की दुसरं काही? (तांब्याची कॉपर-टी या कामाला फारशी चांगली मानत नाहीत.) आणि पुन्हा कधी आत बघणार? बरेच जण काही दिवसांनी ते दोन-तीन महिन्यांत दुसऱ्यांदा दुर्बीण घालतात, कारण चिकटपणा परत येतो, गंभीर केसमध्ये तर बऱ्याचदा. सोबत इस्ट्रोजेनच्या गोळ्या पुष्कळ जण देतात. त्यांचा नेमका किती फायदा होतो, यावर एकमत नाही.

‘एकदा पुन्हा क्युरेटिंग (पिशवी खरवडणं) करून बघू’ असं कुणी म्हणालं, तर फाईल उचला आणि निघा. ज्याने जखम झाली तेच न बघता पुन्हा करायचं, हा उपचार नाही.

विम्याचंही बघून ठेवा. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींत वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले असतात. तुमची तक्रार पाळी बंद होणं आणि दर महिन्याची कळ ही असेल, तर केसपेपरवर तीच लिहिलेली असायला हवी. नुसतं ‘मूल होत नाही’ लिहिलं की दावा अडकतो.

६. नंतर कधी चान्स घ्यायचा

दुसरी दुर्बीण स्वच्छ आली आणि पाळी सुधारली की. मावसबहिणीची पाळी पहिल्या महिन्यात पाच पॅडांवर गेली, तिसऱ्यात नऊवर. बारा मात्र पुन्हा कधी झाले नाहीत. पाळी वाढलीच नाही किंवा पट्टे परत धरले, तर आणखी किती ऑपरेशनं करायची याची मर्यादा नवरा-बायकोने आधीच ठरवून ठेवावी. टेबलावर प्रत्येक वेळी ‘अजून एकदा बघू’ वाटतंच. शेवटचा मार्ग म्हणून सरोगसीचा विचार असेल, तर २०२२ च्या नियमांत ज्या कारणांसाठी परवानगी मिळू शकते त्यांत गर्भाशय आतून चिकटणं नावानिशी आहे. मात्र त्यात पैशांचा व्यवहार करता येत नाही आणि कागदपत्रं पुष्कळ लागतात. दत्तकाचा मार्ग वेगळा आणि खुला आहेच.

दिवस राहिले की पहिल्याच भेटीत ऑपरेशनची फाईल आणि सीडी डॉक्टरपुढे ठेवा. नंतर माहेरी बाळंतपणाला जाणार असाल, तर तिथल्या डॉक्टरकडेही तीच फाईल. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे आणि ती पिशवीच्या भिंतीत शिरलेली दिसते का, हे मुद्दाम बघायला सांगा. शंका निघाली, तर बाळंतपण रक्तपेढी आणि मोठं ऑपरेशन थिएटर असलेल्या ठिकाणी ठरवा. मावसबहिणीचं तसंच ठरवलं होतं. रक्ताच्या दोन पिशव्या तयार ठेवल्या होत्या आणि त्या तशाच परत गेल्या.