पत्रास कारण की… हे कारण आणायचं कुठून?

जुन्या पत्रांत मायना झाला की पुढची ओळ ठरलेली असे: 'पत्रास कारण की'. आणि कारण काय, तर म्हैस व्याली. यंदा आंब्याला मोहोर कमी. धाकटीला दात आला. दाराआड तारेला खोचलेली अशी पत्रं घरात कुठे उरली असतील तर चार काढून वाचा. 'प्रेम', 'भावना' हे शब्द त्यांत शोधून सापडायचे नाहीत, तरी वाचताना गळा दाटतो. आज हाताने पत्र लिहायला बसलेला माणूस नेमका इथे अडतो. पत्र लिहायचं तर आधी मोठं काहीतरी दाटून यायला हवं असं त्याला वाटतं, आणि मोठं काही रोज दाटून येत नाही. म्हशीएवढं कारण मात्र रोज मिळतं, टिपून ठेवलं तर.

साठा आधी, पत्र नंतर

कागद पुढ्यात घेऊन सुचत नाही. सुचतं ते भाजी निवडताना, लोकलच्या दारात, गाडी पुसताना. तेव्हाच्या तेव्हा नोंद करायची. कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहितो तशीच: एक नाव आणि एक वस्तू. 'माई – भारंगी.' 'दिलीप – सायकलचा पंप.' बस्स. पूर्ण वाक्य लिहू नका. ते पत्रात जसंच्या तसं उतरवलं जातं आणि शिळं लागतं. मोबाइलमध्ये टिपलंत तरी चालेल, फक्त जागा एकच ठेवा. महिन्याला सहा-सात नोंदी झाल्या तर दोन पत्रांपुरता माल जमला.

नोंदीच होत नसतील तर त्या माणसाबद्दल स्वतःला चार गोष्टी विचाराव्यात. त्याने शिकवलेलं काय आज माझ्या हातात आहे: पोळी लाटणं, दोरीची गाठ, पंक्चर काढणं? त्याचा कोणता शब्द माझ्या तोंडी बसला आहे? आज जे दिसलं त्यावर तो काय म्हणाला असता? आणि त्याला विचारायचं काय राहून गेलंय? चौथा प्रश्न सगळ्यांत कामाचा, कारण तो तसाच्या तसा पत्रात घालता येतो आणि समोरच्याला उत्तर द्यायला निमित्त मिळतं.

लिहिताना वाक्यं पुस्तकी होतात ही तक्रार सर्रास असते, विशेषतः शाळा सुटल्यापासून मराठी हाताने न लिहिलेल्यांची आणि परदेशात वाढलेल्या मुलांची. त्यावर सोपा उपाय: फोनवर दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करा, त्या माणसाशी बोलताय असं समजून, पण पाठवू नका. मग ऐकत ऐकत फक्त तीन वाक्यं कागदावर उतरवा. 'आपल्या सहवासातील क्षण' असलं काही त्यांत नसेल, कारण तसं कुणी बोलतच नाही.

एक खर्डा, दोनदा

समजा 'माई – भारंगी' या नोंदीवरून पत्र लिहायचंय. पहिला खर्डा बहुतेकांचा असा होतो:

'माई, तुमची खूप आठवण येते. तुमच्या हातच्या जेवणाची सर कशालाच नाही. तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. तब्येतीला जपा.'

यात खोटं काही नाही. पण हे कुठल्याही माईंना चालेल, आणि ते माईंनाही कळतं. आता दुसरा:

'ती. माईंस, सा. न. वि. वि. पत्रास कारण की, रविवारी बाजारात भारंगी दिसली. हौसेनं दोन जुड्या आणल्या. पानं उकडून पाणी पिळून टाकायचं हेच विसरले आणि थेट फोडणीला घातली. अशी कडूजार झाली की ह्यांनी ती भाताखाली लपवली आणि "छान झालीय" म्हणाले. तुम्ही पिळताना मूठ किती घट्ट आवळायच्या ते डोळ्यांसमोर आलं. किती वेळ उकडायची? आणि तुम्ही त्यात डाळ घालायच्या की कडवे वाल? पावसाळा संपायच्या आत कळवा, भाजी पुन्हा आणणार आहे.'

'आठवण येते' हे शब्द इथे कुठेच नाहीत. त्यांचं काम आवळलेल्या मुठीनं केलंय. काय काय आहे ते मोजा: एक दिवस, एक जिन्नस, लिहिणारीची एक फजिती, माईंची एक हालचाल, दोन खरे प्रश्न. यातले तीन जमले तरी पत्र उभं राहतं. फजिती सहसा टाळली जाते, पण ती टाळू नये. नुसत्या यशाच्या बातम्यांचं पत्र सोसायटीच्या वार्षिक अहवालासारखं वाचलं जातं. आणि एका पत्रात एकच भारंगी. तिच्याच मागे नोकरी, शाळा, बाथरूमची गळती असं सगळं आलं की मूठ हरवते. राहिलेल्या बातम्या शेवटी दोन ओळींत द्याव्यात.

एवढं करूनही गाडी हलत नसेल तर पत्र शेवटाकडून सुरू करा. आधी ता. क. लिहा. जुन्या पत्रांत मनातलं खरं वाक्य पुष्कळदा ताज्या कलमातच सापडतं, कारण तोवर रीतभात उरकलेली असते आणि हात सैल झालेला असतो. कच्च्या कागदावर 'ता. क.' लिहून पुढे जे येईल ते एका दमात लिहायचं, आणि मग ते वाक्य उचलून पत्राच्या मध्यावर ठेवायचं.

मायना

मायन्यात घोळ झाला तर थोरामोठ्यांना खटकतो, म्हणून थोडक्यात. तीर्थरूप आई-वडील आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. वडिलांच्या जागी मानलेल्या बाहेरच्या व्यक्तीला तीर्थस्वरूप. त्यापुढे सा. न. वि. वि., म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्यांना स. न. वि. वि., तिथे 'स' सप्रेमचा. लहानांना चि. आणि अनेक उत्तम आशीर्वाद. ज्यांना ही लघुरूपं परकी वाटतात त्यांनी सरळ 'प्रिय मावशी' लिहावं, काही बिघडत नाही. अर्धं जुनं, अर्धं नवं मात्र विचित्र दिसतं: 'तीर्थरूप बाबा, हाय.'

दोन ओळींच्या चिठ्ठ्या

पत्राची सवय लागायला चिठ्ठी बरी. आहेराच्या पाकिटात नोटांबरोबर, फराळाच्या डब्यावर, राखीच्या पाकिटात. मोजून दोन-तीन वाक्यं, आणि त्यातलं एक त्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही असं. फराळाच्या डब्यावर 'शुभ दीपावली' छापलेलं असतंच. तुम्ही लिहा, 'चकल्यांपैकी वाकड्या माझ्या, सरळ आईच्या.' संक्रांत हेही हक्काचं निमित्त. पाकिटात चार दाणे हलवा घालायचा असेल तर छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत, एका थरात पसरून घाला. गठ्ठा ठेवला तर शिक्का मारताना चुरा होतो.

सांत्वनाचं पत्र

हे सगळ्यांत अवघड, आणि 'आता काय लिहायचं' म्हणून सगळ्यांत जास्त राहून जाणारंही हेच. सहा ते आठ वाक्यं पुरतात. वर 'श्री' लिहू नये, अशुभ वार्तेच्या पत्रावर तो न लिहिण्याची रीत आहे. पहिल्या वाक्यात गेलेल्या माणसाचं नाव यावं. 'तुमच्यावर ओढवलेला प्रसंग' म्हटलं की माणूस पुसला जातो. मग त्यांची एकच आठवण, ताजी आणि लहान: ते फोन ठेवताना काय म्हणायचे, चपला कशा जोडून ठेवायचे. घरच्यांना ठाऊक नसलेली असेल तर फारच चांगलं, त्यांना तेवढा माणूस नव्याने मिळतो. 'काळ हेच औषध', 'ईश्वरेच्छा बलीयसी', 'सुटले बिचारे' यांतलं काही नको. हे घरचे प्रत्येक भेटायला येणाऱ्याकडून ऐकतच असतात. 'काही लागलं तर सांगा' यानेही काही होत नाही, कारण कुणी सांगत नाही. त्याऐवजी ठरलेली गोष्ट ठरलेल्या दिवशी: 'मंगळवारी संध्याकाळी डबा घेऊन येते, बसणार नाही.' या पत्राला प्रश्न जोडू नका. त्यांच्यावर उत्तराचं ओझं नको.

उशीर झाला असेल तरी लिहावं. तेरा दिवसांनंतर घर रिकामं होतं, आणि महिन्याभराने आलेलं पत्र तेव्हा वाचलं जातं.

कागद, पेन, टपाल

झेरॉक्सच्या साध्या कागदावर शाईचं पेन चालवलं तर शाई फुटते आणि मागच्या बाजूला उमटते. हा कागद शाई लगेच शोषतो. शाईपेनच हवं असेल तर ९० ते १०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) गुळगुळीत कागद घ्या, नाहीतर बॉलपेन वापरा. जेल पेनाचं अक्षर सुंदर येतं, पण ओली ओळ तळहाताने पुसली जाते. डावखुऱ्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊ नये. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींत ९ ते १० मिलिमीटर अंतर हवं. कोऱ्या कागदाखाली ठळक रेघा आखलेला कागद ठेवला की वरचा कागद कोराच राहतो आणि ओळी सरळ येतात. हात आखडला असेल तर आधी पाच मिनिटं रद्दीवर काहीही खरडा, किराण्याची यादीसुद्धा चालेल. खाडाखोड झालीच तर एक रेघ मारून पुढे जा. व्हाइटनर लावलेलं पत्र अर्जासारखं दिसतं.

पहिल्या पत्राला पोस्टकार्ड उत्तम. १४ बाय ९ सेंटिमीटर, किंमत ५० पैसे, बेताच्या अक्षरात ऐंशी-नव्वद शब्द. जागा संपते म्हणून थांबावंच लागतं, आणि नवशिक्याला तेच हवं असतं. फक्त ते पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचू शकतो, तेव्हा सुनेची तक्रार त्यावर नको. अंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना; त्यात फोटो किंवा हलवा घालता येत नाही. पाकिटाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट. ए-फोर आकाराचा ७५ जीएसएमचा कागद साधारण ४.७ ग्रॅम भरतो, म्हणजे तीन कागद आणि पाच ग्रॅमचं पाकीट मिळून १९ ग्रॅम. चौथा कागद घातलात तर तिकीट वाढवा. तिकिटाचे कमी पडलेले पैसे दंडासह माईंकडून वसूल होतात.

पत्ता बॉलपेननेच लिहा. पाण्यात विरघळणारी शाई पावसाळ्यात पोस्टमनच्या पिशवीत वाहून जाते. पिनकोड सहाही आकडे सुटे आणि स्पष्ट. ४ ने सुरू होणाऱ्या विभागात महाराष्ट्र आहे, गोवा आहे, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही आहेत, त्यामुळे दुसरा-तिसरा आकडा चुकला तर पत्र भलतीकडे फिरतं. (ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच, शिवाय संस्कृतचे कवी.) प्रेषक म्हणून स्वतःचा पत्ता घालायला विसरू नका. पावसाळ्यात गोंद लावलेली कोरी पाकिटं आपापसांत चिकटून बसतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, किंवा फडताळात ठेवायची तर प्रत्येक झडपेखाली बटर पेपरची पट्टी सरकवा.

पत्र पेटीत टाकण्याआधी नोंदवहीच्या शेवटच्या पानावर तारीख, नाव आणि विषय एवढं लिहून ठेवा: '१२ जुलै, माई, भारंगी झाली.' हाताच्या पत्राची नक्कल आपल्याकडे राहत नाही, आणि चार महिन्यांनी तीच फजिती पुन्हा तितक्याच हौसेनं कळवली जाते. उत्तर बहुधा फोनवर येईल. तेव्हा माईंनी सांगितलेलं त्याच ओळीपुढे टिपा: 'कडवे वाल. दहा मिनिटं.' पुढच्या पत्राचं कारण तिथेच मिळतं.