माशांच्या खाद्यावर सुगंधी तेल कसं चढवावं

ओव्याचं सुगंधी तेल खाद्य शिजवतानाच घातलं तर उष्णतेने बरंचसं उडून जातं. म्हणून तयार, गार गोळ्यांवरच चढवा. 1 किलो खाद्याला अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात करा. काट्यावर तोला, थेंब मोजू नका. ते 15 मिलि सोयाबीन तेलात नीट ढवळून, गोळ्या फिरवत ठेवून बारीक फवारा. एकाच जागी ओतलं की काही गोळ्या जहाल होतात आणि मासे त्या तोंडात घेऊन थुंकतात. अर्धा तास सावलीत मुरवा, हवाबंद डब्यात ठेवा, आठवड्यात संपवा. खाद्य शिल्लक राहू लागलं तर मात्रा निम्मी करा. पण त्याआधी पाण्यातला ऑक्सिजन तपासा, अनेकदा दोष तिथेच असतो. लवंगेचं तेल तळ्यात थेट ओतू नका, त्यातल्या युजेनॉलने मासे बेशुद्ध पडतात.