रिंग बाईंडर घेताना कव्हर नंतर, आधी रिंग बघा

पहिल्या सेमिस्टरला मी निव्वळ कव्हर बघून बाईंडर घेतला. निळाशार, चकचकीत, आत कप्पा वगैरे. दीड महिन्यात एका रिंगची दोन टोकं एकमेकांना भेटेनात, केसाएवढी फट पडली आणि पान उलटलं की भोक बरोब्बर तिथे अडकून टर्रकन फाटायचं. फट एवढीशी की नुसतं बघून कळेना, मी आपली पंचिंग मशीनला शिव्या घालत बसले.

तेव्हापासून विकत घेताना माझी पहिली टेस्ट ठरलेली. रिंग बंद करायची, कागदाचा एक कपटा घ्यायचा आणि त्याची कड सांध्यावरून दोन्ही बाजूंनी फिरवायची, जरा जरी अडकला तरी बाईंडर परत ठेवून द्यायचा. मग बंद रिंग दोन बोटांत धरून आडवी हलवायची, टोकं एकमेकांवरून घसरली तर ती महिन्याभरात वाकणार हे नक्की. काही बाईंडरमध्ये टोकांना बारीक दाते असतात, ते एकमेकांत घट्ट बसतात, मला तेच आवडतात. आणि हो, वरखाली खटके दिलेले असतील तर रिंग त्यांनीच उघडायची, घाईत एकच रिंग हाताने ओढायची नाही. माझी ती फट बहुतेक माझ्याच ओढाओढीने पडली होती, पण हे मान्य करायला मला वर्ष लागलं.

आता आकार. गोल रिंग सहसा कण्यावर, म्हणजे दोन पुठ्ठ्यांमधल्या पट्टीवर बसवलेली असते, त्यामुळे बाईंडर मिटला की पानं वळणावर चढतात आणि भोकांजवळ दुमडतात. डी आकाराची रिंग मागच्या पुठ्ठ्यावर असते, तिच्या सरळ बाजूवर पानं एकावर एक नीट बसतात आणि तेवढ्याच मापात जास्त मावतात. रोज वापरायचा असेल तर डीच घ्या, यावर मी वाद घालणार नाही.

माप घेताना साधा हिशोब करा. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद साधारण ०.१ मिमी जाड, म्हणजे १०० पानांचा १ सेमी. २५ मिमीच्या रिंगेत कागदावर २५० पानं बसतात, पण हाताने लिहिलेली पानं फुगतात, विषय वेगळे करणारे सेपरेटर असतात, म्हणून मी १८० च्या आसपास थांबते. वजन पण बघा, एक ए४ पान जवळपास ५ ग्रॅमचं, म्हणजे २०० पानं झाली की १ किलो पाठीवर, बाईंडरचं वेगळंच. मोठा खटकावाला जाड बाईंडर, म्हणजे लिव्हर आर्च, कपाटात ठेवायला झकास, पण रोज बॅगेत कशाला कोंबायचा?

कव्हर एवढंच बघा की कण्याजवळची घडी कशी आहे. पुठ्ठ्यावर पीव्हीसी प्लास्टिक चढवलेलं असेल तर पहिली चीर तिथेच जाते. शिवाय प्रिंटआउट पीव्हीसीला चिकटून राहिलं की टोनरची अक्षरं कव्हरवर उमटतात, माझं अख्खं टाइमटेबल असं उलटं छापलं गेलं होतं. पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकला हा त्रास नाही.

भोकांचं आधी जुळवून घ्या. दोन भोकांचं आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) अंतर ८० मिमी, चार भोकांतही तेच, पण अमेरिकन तीन रिंगवाल्यात १०८ मिमी, तिथे तुमचा पंच कामाचा नाही. (रिंग बाईंडर आणि पंच दोन्ही जर्मनीतल्या फ्रीडरिश झ्योनेकेनच्या नावावर आहेत, साल १८८६, आणि आपण अजून भोकं जुळवतोय.) प्लास्टिक पाऊच वापरणार असाल तर ते ए४ पेक्षा रुंद असतात, त्यामुळे थोडा रुंद बाईंडर घ्या, नाहीतर सेपरेटरचे टॅब आत लपतात आणि कडा बाहेर येऊन चुरगळतात.

तो निळा अजून आहे माझ्याकडे, जुन्या वॉरंटी कार्डांसाठी. त्यात पानं उलटायची वेळच येत नाही.